हजार एकची खुंटी

‘लेटेस्ट’ हा शब्द कानावर पडला की गजभिये सर डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायचे, खिशातल्या रुमालाने दोन्ही काचा सावकाश पुसायचे आणि चष्मा पुन्हा नाकावर बसवायचे. केंद्रातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आता समोरच्याचं काही खरं नाही, असा त्याचा अर्थ.

सर जन्मापासून आंधळे होते. ‘दृष्टिबाधित’ असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, “एवढं लांब नाव घेईपर्यंत मी रस्ता ओलांडून जातो. आंधळा म्हणा ना, सुटसुटीत आहे.” मी नवीन असताना एकदा धीर करून विचारलं, “सर, तुम्हाला दिसत नाही, मग काचा कशाला पुसता?”

“समोरच्याले दिसते ना,” सर म्हणाले. “चष्मा मळका दिसला का लोक कीव करायले लागतात. तेवढाही चान्स द्यायचा नाही.”

शर्टाचंही तसंच. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही सगळे बनियनला चिकटलेले असायचो, तेव्हा सरांच्या बाहीची घडी सुरीसारखी ताठ. इस्त्री ते स्वतः करायचे. पायऱ्या चढताना त्यांची काठी जिन्याच्या कठड्याला लागायची, आणि दुसऱ्या मजल्यावर आवाज यायचा, “उमरेड आला का गा?”

उमरेड म्हणजे मी. सर माणसांना त्यांच्या बसच्या नावानं ओळखायचे. मी तेव्हा उमरेडहून रोज एसटीनं यायचो. वडील हातमागावर, आईची शाळा चौथीत सुटलेली, आणि घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आणणारा मी. तो कागद घेऊन मी नागपूरच्या सदर भागातल्या या केंद्रात मुलाखतीला आलो होतो. चपलांच्या दुकानावर दोन खोल्या, एका संस्थेनं चालवलेल्या. अंध मुलामुलींना तिथं संगणक शिकवत. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम प्रत्येक मशीनवर होता. मुलं ते ऐकत आणि कीबोर्डवरून काम करत. माउसला कोणी हात लावत नसे.

मुलाखतीत सरांनी विचारलं, “इंग्रजी येते?”

“वाचता येतं सर. बोलताना अडखळतो.”

“मशीन पण अडखळते. आपण तिले फेकून नाही देत,” सर म्हणाले. “उद्यापासून ये.”

आयुष्यात माझ्या इंग्रजीवर कोणी इतकं थोडक्यात बोललं नव्हतं. तोवर प्रत्येक मुलाखतीत त्याच एका गोष्टीवर मला घरी पाठवलं होतं. ते एक वाक्य मी आजही कमरेला बांधून फिरतो.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसलो आणि सरांनी मागून हात घालून मॉनिटरची वायर उपसली. पडदा काळा झाला.

“सर, दिसत नाही काही.”

“हो का? अरे वा,” सर म्हणाले. “आता कर काम.”

मशीन बोलत होतं, पण इतक्या वेगानं की मला कढईत तेल तडतडल्यासारखं ऐकू यायचं. सर आणि जुनी मुलं त्याच वेगानं ऐकत. मी वेग कमी करायला सांगितला तर सर म्हणाले, “बैलगाडी करून देऊ का?” तरी करून दिला. आठवडा गेला तेव्हा कुठे मला पडदा न बघता एक फाइल उघडता आली. त्या दिवशी सरांनी माझ्यासाठी खालच्या टपरीवरून तर्रीपोहे मागवले आणि वर पुन्हा टोमणा मारला, “डोळे असून शिकला. कौतुकच आहे.”

कूलरचं भांडण तर दर उन्हाळ्याचं. डेझर्ट कूलर चालू केला की त्याची घरघर इतकी की मशीनचा आवाज बुडायचा. सर विचारायचे, “हवा पायजे का आवाज? एक बोला.” मुलं घामानं निथळत एका सुरात ओरडायची, “आवाज!” मग सर कूलर बंद करायचे आणि स्वतःची पाण्याची बाटली वर्गात फिरवायचे.

या केंद्राची खरी शिस्त मात्र वेगळीच होती. ती कळल्याशिवाय गजभिये सर कळणार नाहीत.

आमच्या मशीनवर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे शेकडो छोट्या-छोट्या पॅकेजांची मिळून झालेली व्यवस्था. आवाजाचं एक पॅकेज, पडदा वाचणारं दुसरं, कीबोर्डचं तिसरं. प्रत्येकाची नवी आवृत्ती अधूनमधून येत राहते, आणि मशीनला मोकळं सोडलं तर ते आपलं आपण सगळं नवं करून घेतं. बहुतेक वेळा त्यात भलंच असतं. पण एखादं पॅकेज आहे त्या आवृत्तीवर अडवून ठेवायचं असेल तर तशी सोय असते. पुस्तकांत तिला ‘पिन करणं’ म्हणतात. सर म्हणायचे, खुंटी मारणं.

त्यांनी खुंटी मारायला सुरुवात केली त्याची गोष्ट ते फार कमी वेळा सांगत. माझ्या आधीची आहे. एका सकाळी मुलं आली, मशीन चालू केली आणि एकही मशीन बोललं नाही. आदल्या दिवशी काहीतरी आपोआप नवं झालं होतं आणि आवाजाचं पॅकेज त्याच्याशी जुळत नव्हतं. डोळसांसाठी सगळं ठीक होतं. चित्रं दिसत होती, खिडक्या उघडत होत्या. “मुलं कीबोर्डवर हात ठेवून बसली होती,” सर सांगायचे. “एक बारकं पोरगं म्हणालं, सर, कोणी बोलून नाही राहिलं. मले त्या दिवशी समजलं. ज्याले दिसते त्याच्यासाठी अपडेट म्हणजे नवा रंग. आपल्यासाठी तो जिना आहे. सकाळी उठलो आणि जिनाच नाही.”

तेव्हापासून कोणतीही नवी आवृत्ती आली की ती आधी सात नंबरच्या मशीनवर. सात नंबर म्हणजे ओसरी. “अनोळखी पाहुण्याले आधी ओसरीवर बसवा. चहा द्या. दोन गोष्टी बोला. मग घरात घ्या.” सात नंबरवर सगळं नीट चाललं की बाकी मशीनवर. नाही चाललं तर त्या पॅकेजला खुंटी.

पण सर जुन्याचे भक्त नव्हते, आणि ही गोष्ट लोकांना कधीच नीट समजली नाही. खुंटीच्या फाइलमध्ये कारण लिहायला एक ओळ राखलेली असते. जगातले बहुतेक लोक ती ओळ लिहीतच नाहीत. आमच्याकडे ती लिहिल्याशिवाय खुंटी मारायला बंदी होती. आणि ती ओळ ‘काहून’, म्हणजे ‘का’, या शब्दानं सुरू व्हायची. काहून अडवलं, आणि काय झालं की सोडायचं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळी मुलं गोल बसायची. एकजण खुंट्यांची फाइल मशीनकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. प्रत्येक खुंटीवर सर विचारायचे, “काहून?” कारण अजून खरं असेल तर खुंटी राहायची. कारण संपलं असेल तर त्याच बैठकीत उपटायची, आणि ज्यानं कारण संपल्याचं दाखवून दिलं त्याला आलुबोंडा. मी एकदा, काळजीपोटी, एका पॅकेजला खुंटी मारली आणि कारणाच्या ओळीत लिहिलं, ‘असू द्या.’ शनिवारी मशीननं ते साऱ्या वर्गासमोर वाचलं.

“असू द्या?” सर म्हणाले. “काय उमरेड, लग्नाच्या पंगतीत बसला का? वाढप्याले म्हणतात असू द्या.”

मुलं हसून लोळली. सर मात्र हसले नाहीत. “पाह्य गा. खुंटीची किंमत असते. अडवलेल्या पॅकेजची दुरुस्ती पण अडते, चोराले शिरायची फट राहते. ते ओझं आपण उचलून राहिलो. म्हणून काहून पायजे. ज्याले काहून नाही, ती खुंटी नाही, ती भीती आहे.”

पल्लवी याच वर्गात होती. तिचे वडील ट्रक चालवायचे आणि कुटुंब वाडीला गोदामांच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायचं. हॉर्नवरून ट्रक कुठल्या मालकाचा ते ती सांगायची. बोलायला तिखट. सरांना उलट बोलू शकणारी ती एकटीच. तिनं आदल्या वर्षी संगणकाची प्रमाणपत्र परीक्षा दिली होती, नियमाप्रमाणे मदतनीस घेऊन. ती सांगणार, मदतनीस टाइप करणार. चांगली पास झाली. पेढे घेऊन घरी गेली तर काका म्हणाले, “पास तू झाली का ती मदतनीस बाई?” नोकरीच्या ठिकाणीही तेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. प्रमाणपत्रावर छापलेलंच होतं, ‘मदतनिसासह’.

“मले पुन्हा द्यायची आहे परीक्षा,” ती सरांना म्हणाली. “एकटीनं.”

सर त्यासाठी परीक्षा मंडळाच्या मागे लागले. किती चकरा मारल्या ते मी पाहिलं आहे. शेवटी मंडळानं मान्य केलं की आमच्याच केंद्रात, बोलणाऱ्या मशीनवर, मुलं स्वतः परीक्षा देतील. अट एकच. मशीन चालू करून लॉगिन करण्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाचाही हात कीबोर्डला लागता कामा नये. ज्याच्या मशीनला हात लागला, त्याच्या प्रमाणपत्रावर ‘मदतनिसासह’.

आणि नेमकं त्याच सुमारास पडदा वाचणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. सात नंबरवर बसवली. आवाज आधीपेक्षा गोड, काम झपाट्यानं. पण लॉगिनच्या पडद्यावर ते गप्प. पासवर्ड टाकून आत गेलं की मगच बोलायला लागायचं. पासवर्ड चुकला तरी गप्प, मशीन अडकलं तरी गप्प. बसलेल्या माणसाला काही कळायचा मार्ग नाही. सरांनी प्रोग्राम बनवणाऱ्यांना सविस्तर ईमेल पाठवली, पल्लवीनं चाचण्या करून दिल्या, आणि बाकी सगळ्या मशीनवर खुंटी मारली गेली. ‘काहून: लॉगिनवर बोलत नाही. कधी सोडायची: बोलेल तेव्हा.’

परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी संस्थेला मदत करणाऱ्या एका कंपनीचा इंजिनिअर पाहणीला आला. चांगला मुलगा होता, नम्र. त्याच्या लॅपटॉपवर एक यादी होती आणि त्यात आमच्या मशीनसमोर लाल खुणा. संस्थेच्या सचिव साहेबांच्या खोलीत सरांना आणि मला बोलावलं.

सचिव साहेब वाईट माणूस नव्हते. मुलांचे बसपास त्यांनीच मिळवून दिले होते. पण कंपनीची मदत थांबली तर केंद्राला कुलूप लागेल, ही धास्ती त्यांच्या पाठीवर कायम बसलेली असायची.

“गजभिये सर, हे म्हणतात आपली मशीन मागे पडली आहेत. सगळं लेटेस्ट करून घ्यावं लागेल.”

सरांनी चष्मा काढला. मी खाली पाहिलं.

“दोनच पॅकेजं अडवलेली आहेत साहेब,” काचा पुसत सर म्हणाले. “बाकी सगळं ताजं आहे. आणि दोनांचं काहून लिहिलेलं आहे. वाचलं का यांनी?”

“वाचलं सर,” इंजिनिअर म्हणाला. “पण ते फक्त लॉगिनपुरतं आहे ना? आत गेल्यावर तर व्यवस्थित बोलतं.”

“म्हणजे घरात शिरल्यावर समजते दार कुठं होतं.”

इंजिनिअर गोंधळला. “सर, माझं म्हणणं, एक माणूस ठेवा. सकाळी तो सगळ्यांना लॉगिन करून देईल. पाच मिनिटांचं काम.”

सर चष्मा पुसायचे थांबले.

“एक माणूस ठेवा,” सर म्हणाले. “जन्मल्यापासून ऐकून राहिलो हे. शाळेत जायचं, एक माणूस ठेवा. बँकेत जायचं, एक माणूस ठेवा. सही करायची, एक माणूस ठेवा. तुमचं चांगलं आहे साहेब, तुम्ही पाच मिनिटांसाठी ठेवता. आमच्या अंगावर तो जन्मभर राहते. ही पोरं त्या एका माणसातून सुटायले गुरुवारी परीक्षा देऊन राहिली. आणि तुम्ही तोच माणूस दारात बसवता.”

सचिव साहेब जरा चिडले. “सर, भावनेचा प्रश्न नाही. जग पुढे चाललंय आणि तुम्ही जुन्याला चिकटून बसलाय.”

हे बोलायला नको होतं.

“जुन्याले?” सर उभे राहिले. “माझ्या आजोबानं छप्पन साली याच गावात जन्माची खुंटी उपटून फेकली साहेब. शेकडो वर्षांची होती. जुन्याले चिकटणं आमच्या घरात कोणी शिकवतच नाही. पण आजोबानं आधी काहून विचारलं, मग उपटली. मीही तेच करतो. ज्या दिवशी लॉगिन बोलेल त्या दिवशी मी स्वतः उपटतो. तुमच्या सांगण्यावरून नाही.”

काठी आपटत सर निघाले. दारात थांबून इंजिनिअरला म्हणाले, “आणि बाबू, तुझ्या यादीत लाल खूण कोणी ठरवली ते एकदा विचारून ये.”

सोमवारी सकाळी मी पोचलो तेव्हा सर माझ्या आधी येऊन खुर्च्यांमधून चालत होते. एक नंबरपाशी थांबले, बटण दाबलं, वाट पाहिली. दोन नंबर. तीन नंबर. एकही मशीन बोललं नाही. मॉनिटर लावून मी पाहिलं. लॉगिनचा नवाकोरा पडदा चमकत होता. मुख्य पासवर्डची एक प्रत सचिव साहेबांकडे असायची, सरांनीच ती दिलेली होती. त्यांनी रविवारी सुट्टीच्या दिवशी माणूस पाठवून खुंट्या काढल्या होत्या आणि सगळं नवं करून टाकलं होतं. टेबलावर त्यांचा लेखी आदेशही होता, पुन्हा खुंटी मारायची नाही असा; सरांनी तो माझ्याकडून वाचून घेतला.

मुलं येऊ लागली. पल्लवी तिच्या जागेवर बसली, बटण दाबलं, कान दिला. पासवर्ड टाकला, थांबली, पुन्हा टाकला.

“सर, चुकला का अडकलं, काही समजून नाही राहिलं.” मग तिचा आवाज चढला. “कोणी केलं हे?”

“ज्यानं केलं त्याले वाटलं भलं करून राहिलो,” सर म्हणाले. “ओरडू नको वं. ओरडून मशीन मागं येत नाही. मागं आणायचा रस्ता वेगळा आहे.”

त्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. तो रविवारी त्यांच्या घरी होता, म्हणून वाचला होता. त्याच्यासोबत एक छोटी हार्ड डिस्क, डब्याच्या कापडात गुंडाळलेली. जी जी आवृत्ती आम्ही अडवली होती, तिची पॅकेजं सरांनी या डिस्कवर जपून ठेवली होती. “जुनं पॅकेजच नसलं हाताशी तर नुसती खुंटी काय चाटायची? गाय पण पायजे ना,” असं ते नेहमी म्हणायचे, आणि मला तोपर्यंत तो नुसता विनोद वाटायचा.

लॅपटॉपवरून नेटवर्कनं कोणत्याही मशीनमध्ये शिरता येत होतं, लॉगिनचा मुका पडदा टाळून. सर स्वतः सगळी मशीनं करू शकले असते. त्यांनी लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, “रांगेनं या. आपापली खुंटी आपापल्या हातानं मारा. उद्या कोणी म्हणायले नको की सरानं केलं, पोरं नुसती बसली होती. पल्लवी, ये.”

पल्लवी बसली. सर शेजारी उभे.

“आधी मारली होती ती साधी खुंटी होती,” सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ती म्हणते, पुढं जाऊ नको. आता मशीन पुढं गेलेलं आहे. आता मागं बोलवायचं आहे. त्याच्यासाठी नंबर वाढवावा लागते. साधारण पॅकेजले मशीन पाचशेचा मान देते. हजार दिला, का नवं बसलेलं असलं तरी ते उठते आणि जुन्याले जागा देते. किती टाकशील?”

“हजार.”

“हजार एक टाक. आहेर कधी गोल आकड्याचा देते का कोणी? वरचा एक आपला.”

पल्लवीनं टाइप केलं. पॅकेजचं नाव, आवृत्ती, हजार एक. मग कारणाची ओळ आली. सरांनी काही सांगितलं नाही. तिनं मोठ्यानं बोलत लिहिलं, “काहून: लॉगिनवर बोलत नाही. कधी सोडायची: बोलेल तेव्हा.” थोडं थांबून पुढे लिहिलं, “मदतनीस नको.”

“ही ओळ मशीन मानत नाही वं,” सर म्हणाले.

“मशीनसाठी नाही लिहिलं.”

दार सताड उघडं होतं. दुसरा-तिसरा विद्यार्थी बसला असेल तेव्हा सचिव साहेब दारात आले. पाठोपाठ त्यांचा शिपाई. साहेबांना कळायला वेळ लागला नाही.

“सर, हे काय चाललंय?”

“खुंट्या मारून राहिलो साहेब. लपून नाही. दार उघडं आहे, दिवस आहे.”

“मी लेखी आदेश काढला होता.”

“वाचून घेतला मी उमरेडकडून. आदेश मोडला मी. माझं एकट्याचं नाव लिहा.”

“आमचं पण लिहा,” पल्लवी म्हणाली.

“तू गप बस वं,” सर पहिल्यांदा तिच्यावर खेकसले. “तुले परीक्षा आहे.”

साहेब दारातच थांबले. खोलीत बसलेल्या मुलांकडे पाहत होते. आणि मग एक नंबरचं मशीन, जे पल्लवीचं होतं, पुन्हा सुरू झालं आणि लॉगिनच्या पडद्यावर त्याचा जुना, कर्कश, यंत्रासारखा आवाज फुटला: नाव निवडा. पल्लवीनं उजव्या हाताची मूठ टेबलावर आपटली.

“गुरुवारनंतर बोलू आपण,” साहेब म्हणाले आणि गेले. त्यांनी त्या दिवशी मशीनला हात लावला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

गुरुवारी कूलर बंद होता. मंडळाचे पर्यवेक्षक हात मागे बांधून भिंतीला टेकून उभे. परीक्षेपुरते मुलांच्या कानात इयरफोन होते, त्यामुळे खोलीत नुसता कीबोर्डचा आवाज. सरांना आत थांबायची परवानगी नव्हती. ते बाहेर जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी दाराच्या काचेतून पाहायचो आणि ते विचारायचे.

“कोणी उठलं का गा?”

“नाही सर.”

“कोणी हात वर केला?”

“नाही.”

“पल्लवी?”

“टाइप करतेय. ओठ दाबून.”

“मग बरोबर चाललं,” सर म्हणाले. “ती बोलत असली का समजायचं काहीतरी अडलं.”

पेपर संपल्यावर पल्लवी बाहेर आली. पर्यवेक्षकांनी सगळ्यांच्या कागदावर मदतनिसाच्या जागी काट मारली होती, ती पाहून मी तिला सांगितलं. तिनं मला दोनदा सांगायला लावलं. मग सरांच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, “सर, दुसरा प्रश्न फालतू होता.” सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. एवढंच.

गुरुवारनंतर बोलणं झालं. कंपनीनं हात आखडता घेतला नाही, पण अहवालात सरांबद्दल दोन वाक्यं लिहिली होती, आणि संस्थेनं त्यांचा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. सर मला म्हणाले, “तोंड पाडू नको. मी चूक केली असती तर माफी मागितली असती. आदेश मोडला, चूक नाही केली. दोन्ही वेगळं आहे.”

त्यांचा शेवटचा दिवस महिन्याच्या पहिल्या शनिवारीच आला. नेहमीसारखी मुलं गोल बसली. त्या आठवड्यात पडदा वाचणाऱ्या प्रोग्रामची आणखी नवी आवृत्ती आली होती. बनवणाऱ्यांनी पल्लवीच्या चाचण्या वापरून लॉगिनचा दोष दुरुस्त केला होता. सात नंबरवर ती बसवलेली होती. सरांनी पल्लवीला मशीन बंद करून चालू करायला लावलं. सगळे कान देऊन बसले. सात नंबर गोड आवाजात म्हणालं, नाव निवडा. तिनं मुद्दाम पासवर्ड चुकवला. मशीननं सांगितलं, चुकला.

“खुंटी वाच,” सर म्हणाले.

मशीननं वाचली. काहून: लॉगिनवर बोलत नाही. कधी सोडायची: बोलेल तेव्हा. मदतनीस नको.

“काहून राहिला का?”

ज्या खुंटीपायी सर चालले होते ती राहावी असं प्रत्येकाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. शेवटी पल्लवी म्हणाली, “नाही राहिला सर.”

“मग?”

“राहू द्या ना. आजच्या दिवस.”

“असू द्या?” सर म्हणाले. वर्गात थोडं हसू आलं, रडण्याच्या काठावरचं.

सर स्वतः एक नंबरसमोर बसले आणि हजार एकची ती खुंटी त्यांनी आपल्या हातानं पुसली. मग प्रत्येक मुलानं आपापल्या मशीनवरची. नवी आवृत्ती बसली, एकेक करून मशीनं पुन्हा सुरू झाली आणि खोलीभर तो नवा आवाज बोलू लागला, एकापाठोपाठ एक.

सचिव साहेब आवाज ऐकून दारात आले होते. “काढलीतच ना शेवटी?” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा कमी आणि थकवा जास्त होता. “मग एवढं सगळं कशासाठी केलं सर?”

सरांनी चष्मा काढला. रुमालानं दोन्ही काचा पुसल्या, एक सावकाश आणि दुसरी त्याहून सावकाश.

“तेव्हा दार मुकं होतं साहेब,” ते म्हणाले. “आज बोललं.”

आलुबोंडा पल्लवीला मिळाला. सरांनी हार्ड डिस्क कापडातून काढून माझ्या हातात ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि काठी उघडली. मी जिन्यावरून त्यांच्या मागे धावलो. खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. ते फुटपाथच्या कडेला उभे राहून कान देत होते. मी त्यांचा कोपर धरायला हात पुढे केला.

“उमरेड,” मागे न वळता सर म्हणाले, “तू खाली काहून आला?”

मी हात मागे घेतला.

“पहिला शनिवार आहे ना? यादीत अजून एक खुंटी बाकी आहे. वर जा.”

मी वर गेलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा सर रस्त्याच्या मधोमध पोचले होते. काठी उंच धरलेली, शर्टाची घडी ताठ, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या. मागे वर्गात कोणीतरी मशीनला यादी वाचायला लावली होती. मी वळलो, खुर्ची ओढली आणि विचारलं, “काहून?”